गुऱ्हाळाच्या वाफेला गिऱ्हाईक कुठलं?

‘मोबाईलवर व्हिडिओ काढून परदेशी कंपन्यांना विकता येतात म्हणे, खरं आहे का?’ अशा अर्थाची पत्रं निपाणीपासून कारवारपर्यंतच्या वाचकांकडून आली आहेत. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. हा व्यवसाय ‘स्टॉक फुटेज’चा. ५ ते ६० सेकंदांच्या क्लिप्स एजन्सीच्या संकेतस्थळावर ठेवायच्या. जाहिरातवाले, वृत्तवाहिन्या, माहितीपट करणारे त्या वापरण्याचा परवाना विकत घेतात आणि त्यातला वाटा तुम्हाला मिळतो. क्लिपची मालकी तुमच्याकडेच राहते, त्यामुळे तीच क्लिप पुन्हा पुन्हा विकता येते.

यूट्यूबवर सांगतात, शंभर क्लिप्स टाकल्या की झोपेतही डॉलर येतात. मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो, संध्याकाळी मोकळा असतो. महिन्याला नक्की किती मिळतील? – एक वाचक, निपाणी

तुम्ही हिशेबातले, तेव्हा हिशेबच मांडू. समजा तुमची एक फोर-के (म्हणजे एचडीच्या चौपट बारकाव्याची) क्लिप ॲडोबी स्टॉक या एजन्सीवर ६० डॉलरला गेली. तिथे व्हिडिओवर ३५ टक्के वाटा मिळतो, म्हणजे २१ डॉलर. गिऱ्हाईक अमेरिकेतलं असेल आणि तुम्ही कराचा फॉर्म भरलेला असेल तर त्यातून १५ टक्के कर कापला जातो. उरले १७ डॉलर ८५ सेंट. ऐकायला बरं वाटतं. पण तीच क्लिप एखाद्या वर्गणीदार गिऱ्हाइकाने त्याच्या ठरलेल्या कोट्यातून उचलली तर हाती दोन-चार डॉलर येतात, कधी डॉलरच्या आतलेही. आयस्टॉक या एजन्सीवर, फक्त तिलाच क्लिप्स देण्याचं बंधन न घेतलेल्या कलाकाराला व्हिडिओचे २० टक्के मिळतात. शटरस्टॉकवर जून २०२० पासून १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत आणि दर १ जानेवारीला सगळ्यांना पुन्हा पहिल्या पायरीवर आणून उभं करतात. डिसेंबरात कितीही वर चढलेले असा, नवं वर्ष १५ टक्क्यांनीच सुरू होतं.

आता खर्चाची बाजू. एका दिवसाच्या नीट चित्रणातून २५-३० कामाच्या क्लिप्स निघतात. एकेक कापायची, रंग सारखा करायचा, शीर्षक आणि शोधशब्द लिहायचे. सवय झाली तरी क्लिपमागे दहा-बारा मिनिटं जातात, म्हणजे ३० क्लिप्सना पाच-सहा तास. हे सगळं काम पैशाच्या आधीचं. त्यानंतर मात्र क्लिप वर्षानुवर्षं पडून असते आणि विकली जात राहते. बसल्या जागी मिळतं ते एवढंच.

म्हणून महिन्याचा आकडा आम्ही देत नाही, आणि जो देतो त्याला क्लिप्सपेक्षा क्लासची फी जास्त मिळत असावी. पहिल्या दोनशे क्लिप्स हातातल्या फोनवर करा. त्या विकल्या जातायत असं दिसलं तर कॅमेऱ्याचा विचार. कर्ज काढून कॅमेरा घेण्याचा हा धंदा नाही.

वज्रपोहा, गोकाकचा धबधबा, सूर्यास्त, धुकं अशा साठेक क्लिप्स टाकल्या. निम्म्या ‘सारख्या आहेत’ म्हणून परत आल्या, उरलेल्यांतली एकही विकली गेली नाही. चूक कुठे झाली? – एक वाचक, खानापूर

चित्रणात चूक झाली असं पत्रावरून दिसत नाही, विषयात झाली आहे. सूर्यास्त जगात रोज सगळीकडे होतो आणि धबधबे आइसलँडपासून केरळपर्यंत शेकड्यांनी पडून आहेत. त्या ढिगात तुमच्या क्लिपपर्यंत गिऱ्हाईक पोचतच नाही. ‘सारख्या आहेत’ हा शेरा वेगळ्या कारणाने येतो. एकाच ठिकाणी तिपाई रोवून बारा क्लिप्स काढल्या की तपासणाऱ्याला ती बारा वेळा एकच क्लिप दिसते. त्यातल्या दोन पाठवा. एक रुंद, एक जवळची.

गिऱ्हाईक शोधतं ते काम. हात काय करतायत, वस्तू कशी बनते, पीक कसं निघतं. ही खाण तर तुमच्या दारात आहे. खानापुरात चाकावर माती चढवणारे हात आहेत, मध्यवर्ती ग्रामीण कुंभारकाम संस्था तिथेच आहे. कणकुंबी-जांबोटीकडे जुलैत चिखलात भाताची लावणी असते. बेळगावच्या आसपास रताळी आणि बटाटे काढायचे दिवस येतात. उद्यमबागेत ओतकाम चालतं, तांबडं लोखंड साच्यात पडतं. संकेश्वरात मिरची वाळत पडलेली असते, निपाणीत विडीची पानं कापली जातात. बेळगावात कुंदा आटवतात. खवा परतणारा झारा आणि दूध तांबूस होत जाण्याचे टप्पे एकाच जागेवरून अर्ध्या-अर्ध्या तासाने घेतले तर खाद्यपदार्थांवर व्हिडिओ करणाऱ्यांना ती मालिका हवी असते.

एक काम घ्या आणि त्याच्या सहा क्लिप्स करा. पूर्ण जागा, काम करणारा माणूस कमरेपासून वर, हात, फक्त वस्तू, तयार मालाचा ढीग, आणि सहावी अशी की जिच्या एका बाजूला मोकळी जागा आहे, तिथे जाहिरातवाला मजकूर बसवू शकेल. सहावी क्लिप बहुतेक जण काढतच नाहीत. प्रत्येक क्लिप १० ते २० सेकंदांची ठेवा. कॅमेरा हलवायचा असेल तर आधी तीन सेकंद आणि नंतर तीन सेकंद स्थिर धरा, संकलकाला कापायला जागा लागते.

हुक्केरीजवळ आमच्या नात्यातल्यांचं गुऱ्हाळ आहे. डिसेंबरात चित्रण केलं. काही क्लिप्स ‘फ्लिकर’ म्हणून, काही ‘एक्स्पोजर’ म्हणून, काही ‘फोकस’ म्हणून नाकारल्या. फोन महागातला आहे. तरी असं का? – एक वाचक, संकेश्वर

गुऱ्हाळ दिसायला सोपं आणि चित्रणाला फार अवघड. तिन्ही शेऱ्यांची कारणं वेगळी आहेत, एकेक घेऊ.

फ्लिकर म्हणजे उजेडाची धडधड. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे शेडमधली ट्यूब किंवा स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही. फोन मात्र मुळात सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम्स) आणि १/६० शटर धरून चालतो, म्हणजे प्रत्येक चौकट १/६० सेकंद उजेड घेते. १/६० सेकंदात दिव्याचे पूर्ण ठोके बसत नाहीत, एका चौकटीला जास्त उजेड मिळतो, दुसरीला कमी, आणि पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. उपाय सरळ आहे. सेकंदाला २५ चौकटी, शटर १/५०. उजेड जास्त असेल तर १/१००. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या व्हिडिओ विभागात ‘पाल फॉरमॅट’ दाखवण्याचं बटण आहे, ते चालू केल्यावरच २५ चौकटींचा पर्याय येतो. अँड्रॉइडवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप बऱ्याच फोनवर चालतं, त्यात शटर आकड्याने बांधता येतं. संथ चित्रणाचा मोह असेल तर ५० चौकटी आणि १/१०० शटर. ट्यूबच्या उजेडात १२० चौकटी घेऊ नका, धडधड आलीच म्हणून समजा. १२० चौकटींची क्लिप दिवसाउजेडी, शेडबाहेर घ्यावी.

एक्स्पोजरचं दुखणं वाफेचं आहे. काहिलीतून वाफेचा लोट उठला की फोनला वाटतं उजेड वाढला, तो चित्र काळं करतो. वाफ सरकली की पुन्हा पांढरं. क्लिप श्वास घेतल्यासारखी दिसते आणि तपासणारा ती परत पाठवतो. उजेड (एक्स्पोजर) आणि पांढरेपणा (व्हाइट बॅलन्स) दोन्ही बांधून टाका, म्हणजे लॉक करा. वाफ दाट असतानाची चमक बघून बांधा, रिकाम्या काहिलीवरून नव्हे. फोनमधला एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणारा) व्हिडिओही बंद ठेवा. एजन्सीच्या पडद्यावर तो बऱ्याचदा फिका पडलेला दिसतो.

फोकस बिघडतो तो दोन कारणांनी. एक, फोन वाफेवर फोकस धरायला जातो. गुळव्याच्या हातातल्या दांड्यावर फोकस बांधा. दोन, थंडीतून गरम शेडमध्ये आल्यावर काचेवर दव धरतं आणि ते फोनच्या छोट्या पडद्यावर कळत नाही. फोन पिशवीत ठेवून पंधरा-वीस मिनिटं शेडमध्ये राहू द्या, मग बाहेर काढा. काच दर दोन क्लिप्सनंतर पुसा. काकवीचा बारीक शिंतोडा काचेवर बसला तर अख्ख्या सकाळच्या क्लिप्सवर एकाच जागी डाग येतो.

आणखी एक, शेऱ्यात न आलेलं. सकाळी सात-आठला कोवळं ऊन शेडमध्ये तिरपं येतं. वाफेच्या मागून ते ऊन आणि पार्श्वभूमीला काळोखी भिंत असा कोन धरला की वाफ सुटी दिसते. दुपारी तीच वाफ पांढऱ्या आभाळावर हरवते. चुलवाणात चिपाड सारणारा माणूस, मळी काढणं, काहील उतरवून वाफ्यात ओतणं आणि गुळाची ढेप साच्यातून निघणं, एवढ्या टप्प्यांना तरी जागेवर असा. ओतण्याचा क्षण एका काहिलीला एकदाच येतो, त्यासाठी तिपाई आधीच लावून ठेवावी.

फोनची चौकटींची गती थोडी वर-खाली होत असते, संकलनात ती अडखळते. ‘हँडब्रेक’ या प्रोग्रॅममध्ये किंवा ‘डाविंची रिझॉल्व्ह’ या संकलनाच्या प्रोग्रॅमच्या मोफत आवृत्तीत ती स्थिर २५ करून मगच चढवा. एचडी चित्रण ताणून फोर-के करू नये. तपासणाऱ्याला ते कळतं.

माझ्याकडे चार यंत्रमाग आहेत. मागाचं चित्रण विकता येईल का? कामगारांची परवानगी कशी घ्यायची? – एक वाचक, वडगाव, बेळगाव

येईल, आणि माग हा चांगला विषय आहे. धोटा पळताना, सूत ताणलेलं, फणी आपटताना. तिपाई मात्र मागाच्या पायथ्यावर किंवा त्याच फरशीवर टेकवू नका. हादरा चढतो आणि चित्र बारीक थरथरतं. तिपाईखाली जाड गोणपाट घाला, मध्ये वाळूची पिशवी लटकवा. कापसाचा कोंडा काचेवर बसतो, तोही पुसत राहा.

परवानगीचं गणित असं. चेहरा ओळखू येत असेल त्या प्रत्येकाची ‘मॉडेल रिलीज’, म्हणजे लेखी संमती, लागते. माग आणि शेड तुमचीच असल्याने जागेची ‘प्रॉपर्टी रिलीज’ तुम्हीच सही करू शकता. फॉर्म एजन्सीच्या संकेतस्थळावर मिळतात. नाव, पत्ता, जन्मतारीख, चित्रणाची तारीख, सही आणि साक्षीदाराची सही. साक्षीदार तिसरा माणूस ठेवा, चित्रण करणाऱ्याने स्वतःच साक्षीदार होऊ नये. मजकूर इंग्रजीत असतो, म्हणून सहीआधी तो मराठीत किंवा कन्नडमध्ये नीट वाचून दाखवा. ‘तुझा चेहरा बँकेच्या किंवा औषधाच्या जाहिरातीत दिसू शकतो’ हे स्पष्ट सांगायला हवं. तुम्ही मालक, ते कामगार. ‘नाही’ म्हणायला त्यांना जड जातं हे ध्यानात ठेवून विचारा, आणि सहीबद्दल काही रक्कम द्या.

नुसते हात असतील तर सहसा फॉर्म लागत नाही. पण आपल्याकडच्या थोरल्या बायकांच्या हातावर गोंदण असतं आणि तपासणारा ते ‘टॅटू’ समजून विचारणा करू शकतो. अशा वेळी फॉर्म घेऊन ठेवलेला बरा. साडीवरची नक्षी दुसऱ्या कुणाच्या डिझाइनची असेल तर ती चौकटीभर दाखवू नका. सुताच्या बाचक्यांवरचे छापील शिक्के, भिंतीवरचं कंपनीचं कॅलेंडर, कुणाच्या अंगातल्या टी-शर्टवरचं चिन्ह, हे सगळं आधी हलवा. नंतर पुसत बसण्यापेक्षा पाच मिनिटांत भिंत मोकळी होते.

मुलगी सात वर्षांची आहे. तिचं चित्रण विकायचं तर? – एक वाचक, चिकोडी

फॉर्मवर आई किंवा वडिलांची सही लागते. शाळेच्या गणवेशावरचा बिल्ला आणि शाळेची पाटी चौकटीबाहेर ठेवा. विडी वळणं किंवा वीटभट्टीसारख्या कामाच्या चित्रणात मूल कुठेही, मागच्या बाजूलासुद्धा, येता कामा नये.

शीर्षकात बेळगाव लिहायचं की बेळगावी? – एक वाचक, टिळकवाडी

या प्रश्नावर गल्लीत दोन तास सहज जातील, क्लिपसाठी दोन मिनिटं पुरेत. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी आहे. परदेशी संकलक नकाशावर तेच बघतो, म्हणून ठिकाणाच्या रकान्यात आणि बातमीच्या ओळीत ते लिहा. शोधशब्दांत मात्र दोन्ही घाला, जुन्या नावाने शोधणारेही आहेत. घरी काय म्हणायचं ते एजन्सी विचारत नाही.

शोधशब्द इंग्रजीत द्यायचे असतात. ॲडोबीवर ४९ पर्यंत, शटरस्टॉकवर ७ ते ५०. ॲडोबीच्या शोधात पहिल्या दहा शब्दांना जास्त वजन असतं, म्हणून क्रम महत्त्वाचा. गुळाच्या क्लिपला आधी ‘जॅगरी’, ‘शुगरकेन’, ‘बॉइलिंग’, ‘ट्रॅडिशनल फूड प्रोसेसिंग’. त्यानंतर ‘स्टीम’, ‘रूरल इंडिया’, ‘वर्कर’. हिंदीतलं ‘गुड’ रोमन लिपीत घालायला हरकत नाही, तसं शोधणारे भारतीय संकलक आहेत. ‘ब्युटिफुल’, ‘अमेझिंग’ असे शब्द टाळा, त्या शब्दांनी गुळाची क्लिप कुणी शोधत नाही. क्लिपमध्ये नसलेली गोष्टही शब्दांत नको. उसाच्या फडात काढलेल्या क्लिपला ‘साखर कारखाना’ लावला तर गिऱ्हाईक चिडतं आणि एजन्सी अख्खी तुकडी परत पाठवू शकते.

गणपती विसर्जनाची मिरवणूक आणि १ नोव्हेंबरचे मोर्चे माझ्याकडे आहेत. एवढ्या लोकांच्या सह्या कुठून आणू? – एक वाचक, शहापूर

आणायच्या नाहीत. ‘एडिटोरियल’ म्हणून टाका. अशी क्लिप बातमी, माहितीपट, पाठ्यपुस्तक यांतच वापरता येते, जाहिरातीत नाही. त्यामुळे चेहरे, पाट्या, चिन्हं चालतात. विक्री कमी होते, पण घटना पुन्हा घडत नसल्याने जुनी क्लिपही मोलाची राहते. ओळ ठरावीक पद्धतीने लिहायची. शहर, राज्य किंवा देश, मग तारीख, मग काय घडतंय ते. ‘बेळगावी, कर्नाटक, भारत – अमुक तारीख : विसर्जन मिरवणुकीत ढोल वाजवणारे तरुण’. एवढंच. मोर्चाच्या क्लिपला कुणी कशासाठी मोर्चा काढला ते सांगा, कोण बरोबर आणि कोण चूक ते नको. तुमचं मत कितीही पक्कं असलं तरी त्या ओळीत ते आलं की क्लिप नाकारली जाते. चित्र पुसून, जोडून बदललेलंही इथे चालत नाही.

आवाज काढून टाका. मिरवणुकीत डीजेवर वाजणारं गाणं दुसऱ्याच्या मालकीचं असतं. जाहिरातीत चालणाऱ्या व्यापारी क्लिप्सच्या बाबतीतही आवाज काढूनच द्यावा, मागाची खटखट किंवा पावसासारखा स्वच्छ आवाज असेल तरच ठेवावा.

राजहंसगडावरून ड्रोन उडवून चित्रण करायचं आहे. परवाना लागतो का? – एक वाचक, येळ्ळूर

आधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारच्या ड्रोनविषयक संकेतस्थळाच्या नकाशावर तुमची जागा कोणत्या रंगात आहे ते बघा. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, त्याहून जवळ परवानगीशिवाय नाहीच. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र आहे, शहरात लष्कराची छावणी आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. शहरावरून उडवण्याचा विचार सोडा.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यावर २ किलोपर्यंत सूट आहे ती फक्त बिगर-व्यापारी वापराला. क्लिप विकायची म्हणजे व्यापारी वापर झाला, ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, तेव्हा ‘दुबईहून आणून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

जमिनीवरचीही बंधनं आहेत. किल्ल्यातली कमल बस्ती पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, तिथे विक्रीसाठीच्या चित्रणाला पूर्वपरवानगी हवी. भीमगड अभयारण्यात वनखात्याची.

समुद्रावरच्या क्लिप्स चालतात का? – एक वाचक, कारवार

नुसत्या लाटा नाहीत, वर धबधब्यांबद्दल लिहिलं तेच इथे. रापण ओढणारी माणसं, जाळं दुरुस्त करणारे हात, बैतखोलला होडीतून उतरणारी मासळी, बर्फ फोडणं हे चालतं. होडीचं नाव आणि नोंदणी क्रमांक समोरून घेऊ नका, तिरपा कोन धरा. आयएनएस कदंब तळाच्या दिशेने कॅमेरा वळवायचा नाही. मागच्या बाजूला लांबवर युद्धनौका दिसत असली तरी ती क्लिप पुसून टाका.

डॉलर खात्यात येतात कसे? टॅक्सचं काय? – एक वाचक, गोकाक

पेपाल किंवा पेओनियर या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सेवांमार्फत. खातं उघडताना पॅन, बँक खातं आणि एजन्सीकडचं नाव अक्षरशः सारखं असू द्या. आपल्याकडे पॅनवर वडिलांचं नाव मध्ये असतं आणि बँकेत नुसतं आद्याक्षर असतं, पैसे अडकतात ते बहुधा इथेच. पेपाल भारतातल्या खात्यात डॉलर साठवू देत नाही, ते रुपये होऊन बँकेत जातात आणि रूपांतराच्या दरात त्यांचा वाटा जातो. ॲडोबीवर २५ डॉलर जमल्याशिवाय आणि पहिल्या विक्रीला ४५ दिवस झाल्याशिवाय पैसे मागता येत नाहीत.

नोंदणीनंतर पहिलं काम म्हणजे ‘डब्ल्यू-८ बेन’ हा अमेरिकेचा, परदेशी व्यक्तींसाठीचा करफॉर्म ऑनलाइन भरणं. तो नसेल तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापले जातात. भरला आणि भारत-अमेरिका कराराचा हवाला दिला तर रॉयल्टीवर १५ टक्के. करक्रमांकाच्या जागी पॅन चालतो. फॉर्म सही केलेल्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत टिकतो, मग पुन्हा भरावा लागतो. हे विसरलं की एका महिन्यात कपात दुप्पट झालेली दिसते.

भारतात हे सगळं उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचं. अमेरिकेत कापलेल्या कराची वजावट मिळते, त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. एजन्सीच्या करकपातीचा दाखला सीएकडे द्या. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणीची घाई नाही.

आमच्याकडे नेट हळू आहे. एवढ्या मोठ्या फाइल चढवायच्या कशा? – एक वाचक, जांबोटी

एन्कोडिंग, म्हणजे क्लिप कोणत्या स्वरूपात आणि किती दाबून साठवायची ते, शहाणपणाने करा. फोर-के क्लिप एच-२६४ मध्ये सेकंदाला १०० मेगाबिटने ठेवली तर १५ सेकंदांना साधारण १९० एमबी लागतात. प्रोरेझ एचक्यू या कमी दाबलेल्या स्वरूपात तीच क्लिप सातपटीहून मोठी होते, फोनच्या चित्रणाला त्याचा काही उपयोग नाही. एच-२६४ मधल्या २० क्लिप्स म्हणजे पावणेचार जीबी. ५ मेगाबिटच्या नेटवर एका एजन्सीला एक तास चाळीस मिनिटं. तीन एजन्सींना पाच तास. रोजच्या दोन जीबीच्या रिचार्जमध्ये हे बसत नाही, बेळगावात कुणाकडे फायबर असेल तिथे आठवड्यातून एकदा पेनड्राइव्ह घेऊन जा. ब्राउझरऐवजी ‘फाइलझिला’सारख्या मोफत प्रोग्रॅममधून चढवा, वीज गेली तरी अर्धवट राहिलेलं पुढे सुरू करता येतं. शीर्षकं आणि शोधशब्द एका तक्त्यात लिहून सीएसव्ही फाइल केली की तिन्ही ठिकाणी थोड्या फेरफाराने तीच चालते.

पावसात काढलेल्या क्लिप्सचं आणखी एक. कणकुंबीच्या पावसात भिजलेला कॅमेरा तसाच बॅगेत गेला की आठवड्याभरात भिंगावर बुरशीचं जाळं धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. निळ्या खड्यांचा रंग गुलाबी झाला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या.

आता एआय व्हिडिओ बनवतं. मग हे सगळं कशाला? – एक वाचक, बेळगाव

सूर्यास्तासाठी खरंच कशाला. गुळव्या काकवीचा थेंब पाण्यात टाकून गोळी धरते का बघतो, हे एआयला अजून धड दाखवता येत नाही, आणि वृत्तवाहिनीला खरंच घडलेलं हवं असतं. शटरस्टॉक एआयने बनवलेल्या क्लिप्स घेत नाही. ॲडोबी घेतं, पण तसं खूण करून सांगावं लागतं. तुमच्या क्लिप्स एआय शिकवायला वापराव्यात की नाही याचं बटण काही एजन्सींच्या खात्यात असतं. ते कोणत्या बाजूला आहे ते एकदा उघडून बघा.

शेजारच्या काकूंनी विडी वळतानाच्या क्लिपसाठी सही केली होती. आता त्यांच्या मुलाला ते नको आहे. क्लिप काढून टाकता येते का? – एक वाचक, निपाणी

तुमच्या खात्यातून लगेच काढता येते, पुढची विक्री थांबते. पण तोवर ज्यांनी परवाना घेतला त्यांचा हक्क राहतो. त्यांच्या जाहिरातीतून किंवा व्हिडिओतून ती परत आणता येत नाही. विक्रीच्या यादीत गिऱ्हाइकाचं नावही सहसा दिसत नाही, त्यामुळे कुणाला विनंती करायची हेही कळत नाही. क्लिप आजच काढा, काकूंना आणि मुलाला हे जसं आहे तसं सांगा. इथून पुढे सही घेताना घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवा, आणि हाच परिच्छेद आधी वाचून दाखवा.